जप्त राउटरचं गाऱ्हाणं

मी राउटर बोलतोय. बोलतोय असं म्हणायचं, एवढंच. माझा प्लग काढून टाकलाय, सगळे दिवे विझलेत आणि मला एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून लोखंडी कपाटात ठेवलंय. पिशवीच्या गळ्याला चिठ्ठी बांधली आहे. तिच्यावर माझा नंबर आणि खाली एकच शब्द, 'जप्त'. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याबद्दल काही लिहिलं, आणि लिहिलं ते हे.

चिडू नको तर काय करू? मला इथे आणणाऱ्यांचं म्हणणं असं की, बंदी घातलेला एक सिनेमा माझ्यामार्फत घरात शिरला. अहो, मी कोण त्याला आत घेणारा? माझं काम हमालाचं. बाहेरून पाकिटं येतात, ती ज्याची त्याला पोचवायची. घरातून निघतात, ती बाहेर सोडायची. पाकिटं बंद असतात. वरचा पत्ता तेवढा मला दिसतो, आतला मजकूर नाही. तरी शिक्षा मला. माझं म्हणणं कुणी विचारलं नाही, म्हणून तर सांगतोय.

माझा जन्म कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर माझ्यापुढे माझी भावंडं होती आणि मागेही भावंडं, सगळ्यांचं तोंड सारखं. एका मुलीनं मला वीज दिली, माझे दिवे लागलेले पाहिले, 'हं' म्हणाली आणि खोक्यात घातलं. बारसं म्हणाल तर ते इतकंच.

मला घरी आणलं ते माझे मालक पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. कुठल्या भागाला कधी पाणी सोडायचं, कुठलं कधी बंद करायचं, ते चाक फिरवणारा माणूस. घर दोन खोल्यांचं, वरच्या मजल्यावर. घरात त्यांची बायको, म्हणजे आई, आणि मुलगी चिमी. चिमी सरकारी दवाखान्यात दातांच्या विभागात बसून लोकांचे नंबर लावायची. बरोबर खालच्या मजल्यावर राहायचे फिटरकाका. तेही पाणीपुरवठ्यातले. मालक आणि फिटरकाका तरुणपणापासून एकाच पाळीत, एकाच जोडीत.

जोडी म्हणजे खरीच जोडी. मोठ्या टाक्यांखालची ती जुनी चाकं एकट्याच्यानं हलत नाहीत. एकानं पान्हा अडकवून धरायचा, दुसऱ्यानं चाकाला लोंबकळायचं. मालक जेवताना हमखास सांगत, "त्या चाकाला दोन माणसं लागतात. संसारासारखं आहे ते." त्यावर आई म्हणायची, "संसाराला एकच पुरतं. दुसरं नुसतं लोंबकळतं." हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन.

जोडणीवाला मला टीव्हीच्या मागे बसवणार होता. मालकांनी त्याला थांबवलं. "दाराच्या वर, त्या झरोक्यापाशी बसव," ते म्हणाले.

"तिथे कशाला? अर्धा सिग्नल जिन्यात वाया जाईल."

"वाया नाही जाणार. खाली आमचा माणूस आहे."

मग जिन्यात उभं राहून त्यांनी माझा पासवर्ड खालच्या मजल्याला ओरडून सांगितला. तो वरपासून खालपर्यंत सगळ्या बिऱ्हाडांनी ऐकला असणार. माझं नावही त्यांनीच ठेवलं. रस्त्यात, बाजारात, लग्नात त्यांना जो भेटेल तो एकच विचारायचा, पाणी कधी येणार. कंटाळून त्यांनी माझं नाव ठेवलं 'पाणी आलं'. कुणीही फोनवर वायफाय शोधलं की आधी हेच दिसायचं. पहिल्या दिवशी तर पलीकडच्या इमारतीतल्या दोन बायकांनी बादल्या लावल्या म्हणे. ही चिमीची थाप असेल, पण मालक त्यावर महिनाभर हसत होते.

माणसांच्या सवयींबद्दल बोलायचं तर रात्र पुरणार नाही. सगळं नीट चालू असलं की माझ्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. जरा अडलं की पहिली थप्पड मला. मग बंद करून चालू करायचं. माणसाला ठसका लागला तर त्याला कुणी झोपवून उठवत नाही, मलाच का? आई तर माझ्या अँटेनाला खालच्या टपालपेटीची किल्ली अडकवायची. वर म्हणायची, "हल्ली रेंज कमी झाली."

तर ते दिवस बरे होते.

पुढे एका उन्हाळ्यात पाणी आटलं. कापड रंगवायच्या कारखान्यामागे एक जुनी टाकी होती. तिचं पाणी कधीचंच पिण्यासाठी बंद केलेलं होतं. ते तिथल्या वस्तीला सोडलं गेलं. माणसं आजारी पडली, पोरं दगावली. सरकारी खुलासा आला की, लोकांनी शिळंपाकं खाल्लं. मालक त्या दिवसांत घरी येऊन नुसते बसायचे. आई विचारायची, "बरं नाही का?" ते म्हणायचे, "बरं आहे."

मग एक कॅमेरावाली बाई त्या वस्तीवर सिनेमा काढायला आली. खरा सिनेमा, नाचगाण्याचा नव्हे, घडलेलं सांगणारा. मालक तिच्याशी बोलले. कुठे बोलले, काय बोलले, घरात कुणालाच सांगितलं नाही. आईनं दोनदा विचारलं. ते म्हणाले, "येईल तेव्हा बघ की."

त्यानंतर काही दिवसांनी जिन्यात आवाज चढला. झरोक्यातून मला सगळं ऐकू आलं. फिटरकाका म्हणत होते, "कॅमेऱ्यासमोर माझं नाव घेतलंस? माझं? माझ्या घरी काय चूल नाही?"

"नाही घेतलं. तुला कुणी सांगितलं?"

"साहेबांनी. त्यांच्याकडे सगळं येतं."

"साहेबांनी सिनेमा बघितला का?"

"ते मला ठाऊक नाही. माझा जबाब झाला. मी पण सांगून टाकलं, त्या पाण्याचं खूळ याच्याच डोक्यातलं म्हणून."

मालक दोन पायऱ्या वर चढले. मग म्हणाले, "सिनेमा आला की बघ." आणि दार लावून घेतलं.

त्या जबाबावर मालकांची नोकरी गेली. फिटरकाकांची राहिली. वरचा आणि खालचा मजला बोलेनासा झाला. आई कचरा टाकायला जाताना आधी जिन्यात कान द्यायची, खाली दार वाजलं तर थांबायची. एकच जिना, त्यावर दोन घरांनी वर्षानुवर्षं एकमेकांना चुकवायचं, हे सोपं काम नाही. पण दोन्हीकडे जिद्द होती.

एक गंमत मात्र मलाच ठाऊक होती. पासवर्ड कुणीच बदलला नव्हता. फिटरकाका कामावरून परतले, जिना चढू लागले, की त्यांचा फोन आपण होऊन मला हाक मारायचा आणि मी ओ द्यायचो. माणसांनी तोंड फिरवलं होतं, आमचं चालू होतं.

मालक रोज सकाळी चिमीला विचारायचे, "आला का गं सिनेमा?" तो येण्याआधीच ते गेले. छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. चिमी म्हणाली, जोडणी बाबांच्या नावावर आहे, बदलून घेऊ. आई म्हणाली, "राहू दे. कुठेतरी असू दे त्यांचं नाव."

आणि मग सिनेमा आला. आला आणि आठवड्याच्या आत त्याच्यावर बंदीही आली.

इथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. चिमीनं संध्याकाळी लॅपटॉप उघडून सिनेमाचा पत्ता टाकला. मी इमानानं पाकीट पाठवलं. उत्तर आलं ते असं, 'हे पान शासनाच्या आदेशानुसार उपलब्ध नाही.' ते मलाच नेऊन द्यावं लागलं. आईनं चष्मा लावून ते मोठ्यानं वाचलं. म्हणाली, "परत टाक. चुकलं असेल." परत तेच. परत टाक. परत तेच. शेवटी तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही सिनेमा मीच गिळून बसलोय.

थोड्या वेळानं खालच्या फोनवरून एक पाकीट वर आलं. पत्ता तोच. फिटरकाका! तोच सिनेमा मागत होते. मी तेच उत्तर त्यांना नेऊन दिलं. त्यांनीही परत टाकलं.

मग हे रोजचंच झालं. वर आई, खाली काका, दोघं एकच बंद दार ठोठावत होते आणि मध्ये मी. दोघांना एकच गोष्ट हवी होती. आईला जाणून घ्यायचं होतं की नवऱ्यानं मित्राचं नाव घेतलं की नाही. एकदा चिमीला ती म्हणाली, "घेतलं असलं तर मी खाली जाऊन माफी मागेन. पण कळू तर दे." आणि काकांना काय हवं होतं ते सांगायला नको. मला तोंड असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. झरोक्यातून ओरडलो असतो, अहो, खालचा माणूसही तेच शोधतोय. पण मला दिलेत दिवे. ते लुकलुकवून मी काय सांगणार?

मजा बघा, सिनेमा कुणीच पाहिला नव्हता आणि त्यात काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. टीव्हीवरचे पुढारी म्हणत, तो खोटा आहे. त्यांना कुणी विचारलं, पाहिलात का, तर म्हणत, असलं आम्ही पाहत नाही. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंनी तर जिन्यात सांगितलं की मालक त्यात ढसाढसा रडतात आणि सगळ्यांची नावं सांगतात. आई दाराआड उभी राहून ऐकत होती. अशा वेळी वाटतं, माझ्याकडे निदान एक दगड असायला हवा होता.

लोक तो सिनेमा भलत्याच नावांनी इकडे तिकडे टाकत होते. चिमीला कुणीतरी सांगितलं, 'गुलाबाची छाटणी कशी करावी' या नावानं बघ. तिनं लावला. एक टक्कल पडलेले गृहस्थ कात्री घेऊन खरोखरच गुलाब छाटत होते. चिमी बंद करायला गेली तर आई म्हणाली, "थांब. मध्येच सुरू होत असेल." दोघींनी गुलाबाची छाटणी शेवटपर्यंत पाहिली. गृहस्थांनी शेवटी नमस्कार केला आणि संपलं. आई उठली आणि काही न बोलता भांडी घासायला लागली. मला त्या टकल्याचाही राग आला, खरं तर त्या बिचाऱ्याचा काय दोष.

अखेर दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी चिमीच्या लॅपटॉपवर व्हीपीएन टाकून दिलं. ते काय करतं, तर आमच्या पाकिटावर आणखी एक पाकीट चढवतं आणि वर भलताच पत्ता घालतं. तपासणाऱ्याला वाटावं, हे आपलं दुसरीकडेच चाललंय. सुट्टीच्या सकाळी मायलेकी लॅपटॉपसमोर बसल्या. दार लावलं, पडदा ओढला. सिनेमा सुरू झाला. वस्ती दिसली म्हणे, नळ दिसले, पोरं गेलेल्या आया दिसल्या. आई सारखं नाकाला रुमाल लावत होती. मग चिमी एकदम म्हणाली, "आई, बाबा."

मालकांचा आवाज खोलीत आला. इतक्या दिवसांनी. मी वर भिंतीवर ताठ झालो.

त्या कॅमेरावाल्या बाईंनी विचारलं, "जुन्या टाकीचा व्हॉल्व्ह कुणी उघडला?"

"मी," मालक म्हणाले. "वरून तोंडी हुकूम होता. मी म्हटलं होतं, हे पाणी पिण्याचं नाही. ते म्हणाले, उघडा. मी उघडायला नको होतं."

"तुमच्याबरोबर कोण होतं?"

आणि अडकलं. ते गोल गोल फिरणारं चक्र आलं. मालकांचं तोंड अर्धवट उघडं, तसंच. चिमीनं मागे नेलं, पुढे नेलं. पुन्हा त्याच प्रश्नाला चक्र. अर्थातच मग मला थप्पड बसली. बंद केलं, चालू केलं. मी जीव तोडून ओढत होतो हो, पण माझ्याकडे येतच नव्हतं. आणि का येत नव्हतं ते मला ठाऊक होतं. खाली फिटरकाकांच्या फोनवरही त्यांच्या भाच्यानं तसलंच काहीतरी टाकून दिलं होतं, आणि त्याच क्षणी तेही तोच सिनेमा ओढत होते, हे मला झरोक्यातून ऐकू येत होतं. बारीक नळी, दोन्हीकडून तोंडं लावलेली. कुणालाच घोट मिळेना.

चिमी वैतागून फोनवर माझी माहिती उघडून बसली. कोण कोण जोडलंय ते त्यात दिसतं. "आई, खालून कुणीतरी ओढतंय. हा फिटरकाकांचा फोन आहे. कमाल आहे माणसाची! बाबांशी असं वागले आणि वायफाय फुकट वापरतायत. आत्ता पासवर्ड बदलते."

व्हॉल्व्हमनची बायको ती. तिला सिग्नलबिग्नल कळत नसेल, पाणी कळतं. ती म्हणाली, "खालचा नळ चालू असला की वर पाणी चढत नाही. त्यांना बंद करायला सांगते."

"तू सांगणार?"

आई उठून चालायला लागली होती. तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. काकांचं दार वाजलं. मला वाटलं, आता भांडण. मग आईचा आवाज आला.

"भावोजी, तुमच्या हातात काय आहे ते जरा बंद कराल का? आमचं वर अडकतंय."

"वहिनी, मी... हे आपलं असंच."

"दाखवा."

आईच्या चपला दोन पावलं पुढे वाजल्या.

"तुमचंही तिथेच अडकलंय," आई म्हणाली.

काका वर आले. त्या घराच्या उंबऱ्यावर ते किती दिवसांनी उभे होते ते मी मोजत नाही. त्यांनी फोन खिशातून काढला, बंद केला आणि दारापाशीच थांबले. चिमीनं तोंड फिरवलं होतं. आईनं खुर्ची पुढे सरकवली. चिमीनं पुन्हा पहिल्यापासून लावलं. आता खालचा नळ बंद, तरी व्हीपीएनच्या त्या दुहेरी पाकिटांनी ओझं इतकं वाढलेलं की पुन्हा चक्र. पुन्हा तोच प्रश्न, तेच अर्धवट उघडं तोंड.

काका म्हणाले, "असं नको. टाकी भरल्याशिवाय नळ सोडायचा नसतो. सगळं भरून घेता येतं का याच्यात?"

"येतं," चिमी घुश्शातच म्हणाली. "पण वेळ लागेल."

"लागू दे."

तो सगळा दिवस मी थेंबाथेंबानं सिनेमा भरत होतो. चिमी तेवढी उठबस करत होती. आईनं चहा केला. काकांनी कप दोन्ही हातांत धरला. कितीतरी वेळानं ते म्हणाले, "वहिनी, माझं नाव घेतलं असेल तर त्याचंही बरोबर आहे. मी होतो तिथे. चाकाला मीच लोंबकळलो होतो."

"मला वाटतंय, घेतलं नसेल."

"वाटून काय उपयोग?"

"तेच ना," आई म्हणाली.

ऊन खिडकीतून निघून गेलं तेव्हा सिनेमा भरून झाला. चिमीनं थेट त्या जागी नेऊन लावला.

"तुमच्याबरोबर कोण होतं?"

मालकांचं तोंड अर्धवट उघडलं आणि थांबलं. "अडकलं परत," चिमी म्हणाली आणि तिची मान माझ्याकडे वळली. मी मनात म्हटलं, आता मात्र मला हात लावशील तर बघ. काका म्हणाले, "थांब. मागे दोरीवरचं फडकं हलतंय. अडकलेलं नाही. तो विचार करतोय."

मग मालकांचा आवाज आला.

"कुणी नव्हतं. मी एकटाच होतो."

काकांनी कप खाली ठेवला, तो बशीवर वाजला.

"खोटं बोलतोय," ते म्हणाले. "ते चाक एकट्याच्यानं हलत नाही, वहिनी."

"ठाऊक आहे. जेवायला बसले की तेच सांगायचे."

"साहेब म्हणाले, तुझं नाव घेतलंय. मी विचारलंसुद्धा नाही, दाखवा म्हणून. आणि मग हा सिनेमाच बंद करून टाकला. मला कधी कळलंच नसतं." त्यांनी चेहरा हातांनी झाकला. "परत लाव गं, पोरी."

चिमीनं परत लावलं. ती आता त्यांच्या खुर्चीच्या हाताला टेकून बसली होती. मी वर भिंतीवरून ऐकत होतो आणि मला कळत नव्हतं, आनंद होतोय की संताप. एका वाक्यासाठी एवढा आटापिटा. ते वाक्य पहिल्याच संध्याकाळी पोचलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? ज्यांचं बिघडलं असतं, ते आम्ही नव्हतो.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात मला राग आवरत नाही. जोडणीवाल्यांकडून फोन आला. आईनं घेतला, स्पीकरवर.

"जोडणी ज्यांच्या नावावर आहे त्यांना द्या."

"ते नाहीत."

"कधी येतील?"

"यायचे नाहीत आता."

"त्यांनी बंदी असलेलं पान वारंवार उघडायचा प्रयत्न केलाय. त्यांना समज द्या."

"देते," आई म्हणाली आणि फोन ठेवला. मग चिमीला म्हणाली, "बाबांना समज द्यायला सांगितलंय." दोघी हसायला लागल्या. हसता हसता आईचे डोळे भरले, पण ती हसत होती एवढं खरं.

समज दिल्यानं त्यांचं समाधान झालं नाही. एका सकाळी दोन माणसं दारात उभी राहिली. साधे कपडे, हातात कागद. सिनेमा पाहिल्याचा पुरावा त्यांच्याकडे नव्हता. पण व्हीपीएनच्या आधी आम्ही जी दारं ठोठावली होती, ती सगळी त्यांच्याकडे लिहिलेली होती. वरच्या मजल्यावरून किती, खालच्या फोनवरून किती.

"कुणी बघितला?"

"जोडणी माझ्या यजमानांची आहे," आई म्हणाली.

"बोलवा."

"वारले."

"मग मेलेल्या माणसानं बघितला का?" त्यातला एक म्हणाला आणि आत चिमीकडे बघायला लागला. "तुम्ही काय करता? सरकारी नोकरी ना?"

चिमीचा चेहरा उतरला. नोकरी गेली तर घर कशावर चालणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं तोंड उघडलं, आईनं तिचा हात धरला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. फिटरकाका वर येत होते. वय झालेलं, कठड्याला धरून, पण न थांबता.

"मी बघितला," ते म्हणाले.

"तुम्ही कोण?"

"खाली राहतो. वायफाय इथलं वापरतो. पासवर्ड जुना आहे, मला आधीपासून ठाऊक आहे."

"आणि वरून झालंय ते?"

"तेही मीच. या दोघी घरात नसताना यायचो."

त्या माणसानं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याचा विश्वास बसलेला नव्हता. "तुमच्याबरोबर कोण होतं?" त्यानं विचारलं.

काका लगेच बोलले नाहीत. क्षणभर मलाही वाटलं, अडकलं.

"कुणी नव्हतं," ते म्हणाले. "मी एकटाच होतो."

आईनं दाराची चौकट धरली. त्या दोन माणसांना त्या वाक्यात काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी ते लिहून घेतलं, काकांचा फोन घेतला आणि स्टूल मागितलं. मला भिंतीवरून उतरवताना आई म्हणाली, "थांबा, तसाच नेऊ नका. धूळ आहे त्याच्यावर." तिनं फडक्यानं मला पुसलं, अँटेनाची किल्ली काढून घेतली. इतकी वर्षं ओल्या फडक्यानं पुसायची आणि मी मनात शिव्या द्यायचो. त्या दिवशी कोरडं होतं.

आता मी इथे आहे. कपाटाबाहेर कारकून बसतात, त्यांचं बोलणं कानावर येतं. एक म्हणतो, तो म्हातारा आज परत आलाय, तारखेला. काहीही विचारा, एकच वाक्य बोलतो. दुसरा म्हणतो, एकटाच होतो म्हणतो, पण बाहेर बाकावर त्याच्या शेजारी दर वेळी एक बाई बसलेली असते. त्याचा डबा तिच्या मांडीवर असतो.

या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे आहे, त्यांना माझं सांगणं आहे. बंदी घालायची तर घाला, तुमच्या हातात आहे. पण आधी तो सिनेमा स्वतः शेवटपर्यंत बघा. दोरीवरचं फडकं हलत असेल तेव्हा अडकलं असं समजू नका, थांबा. आणि कुणाचं म्हणणं ज्यांना साहेबांच्या तोंडून कळलंय, त्यांनी जिना चढून त्यालाच विचारून घ्यावं. आमच्याकडे उशीर झाला.

माझी स्वतःची मागणी लहान आहे. शेजारच्या पिशवीत फिटरकाकांचा फोन आहे. त्याची बॅटरी होती तोवर तो आपण होऊन 'पाणी आलं' शोधत राहिला. मला ऐकू येत होतं, पण माझा प्लग काढलेला, मी ओ कशी देणार? एकदाच आम्हा दोघांना वीज द्या. त्याला पासवर्ड विचारायची गरज पडणार नाही.